कोलेस्टेरॉलची गोळी आणि आपला उसना वाद

मंडळी, गेल्या काही आठवड्यांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला. कॉलेजचा ग्रुप, सोसायटीचा, ट्रेकिंगचा, आणि चौथा आमच्यासारख्या मूळच्या शिरूर-दौंडकडच्या पण आता खराडी-हडपसरला हप्ते भरत बसलेल्या लोकांचा. मजकूर तोच. अमेरिकेने कोलेस्टेरॉलला क्लीन चिट दिली आहे, स्टॅटिन हा औषध कंपन्यांचा शतकातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे, गोळ्या बंद करा आणि घरचं साजूक तूप खा. खाली टाळ्यांची रांग. चौथ्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "आईची गोळी कालच बंद केली." त्यालाही टाळ्या.

आता या आईला दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका येऊन गेलाय, हे त्या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तरी टाळ्या!

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण दुसऱ्याच्या सिस्टीमचा पॅच स्वतःच्या सर्व्हरवर डोळे झाकून चढवला की काय होतं हे मला चांगलं कळतं, आणि इथे नेमकं तेच चाललंय. स्टॅटिनवरचा वाद खोटा नाही. तो खरा आहे, फक्त तो आपला नाही. तो दुसऱ्यांच्या घरातला आहे, आपण उसना आणलाय, आणि त्याचं व्याज गावाकडची म्हातारी माणसं फेडतायत.

आधी त्या 'क्लीन चिट'चं बघू. २०१५ साली अमेरिकेच्या आहारविषयक सल्लागार समितीने म्हटलं की अन्नातून पोटात जाणाऱ्या कोलेस्टेरॉलची वेगळी मर्यादा सांगायची गरज नाही. अन्नातून! म्हणजे अंड्याच्या बलकातलं. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतः बनवतं, आणि रक्तातल्या एलडीएलबद्दल त्या समितीने कुणालाही निर्दोष सोडलेलं नव्हतं. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'अन्नातलं' हा शब्द गाळला आणि काम फत्ते. एक शब्द गाळून अर्थ उलटा करायचा हा जुना धंदा आहे, मोबाईल आल्यावर त्याला फक्त गिऱ्हाईक वाढलं.

आता खरा वाद. २०१३ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी नवी नियमावली काढली. तिच्यामुळे स्टॅटिन घ्यायला पात्र ठरणाऱ्यांची संख्या एका अंदाजानुसार १ कोटी २८ लाखांनी वाढली. यातले बहुतेक लोक धडधाकट होते. हार्ट अटॅक नाही, झटका नाही, फक्त गणितातला धोका अमुक टक्क्यांच्या वर. अशा माणसाने जन्मभर गोळी घ्यावी का, यावर तिकडचे भले भले डॉक्टर एकमेकांशी भांडले आणि अजून भांडतात. रास्त भांडण आहे. ज्या देशात गोळी गरजेपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचते, तिथे 'जरा थांबा' म्हणणारा माणूस हवाच.

आणि आपल्याकडे? २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये 'प्युअर' नावाच्या अभ्यासाचे आकडे छापून आले. १७ देश, दीड लाखाच्या वर माणसं, शहरातली आणि खेड्यातली. त्यातून ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलाय अशी माणसं वेगळी काढली आणि विचारलं की कोणत्या गोळ्या चालू आहेत. श्रीमंत देशांत अशा १०० पैकी ६६ जण स्टॅटिन घेत होते. भारत ज्या गरीब देशांच्या गटात होता, तिथे १०० पैकी ३. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची रक्त पातळ ठेवणारी गोळी ९ जणांकडे. आणि बीपी, रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची यातली एकही गोळी न घेणारे १०० पैकी ८०!

परत वाचा. हे धडधाकट लोक नाहीत. ज्यांना एकदा दणका बसून गेलाय त्यांचे हे आकडे आहेत. ती पाहणी २००३ ते २००९ मधली, म्हणजे जुनी, आणि तेव्हापासून शहरांत बरंच बदललंय हे मान्य. पण ज्या समाजात सुरुवात १०० पैकी ३ पासून झाली, तिथे आपण 'अति औषधं नकोत'च्या घोषणा देतोय. ज्याच्या ताटात भाकरीच नाही त्याला डाएटिंगवर व्याख्यान देण्यातला हा प्रकार आहे.

आमच्या पट्ट्यात, म्हणजे घोडनदीपासून भीमेपर्यंत, 'पक्षाघात' हा शब्द फक्त डिस्चार्ज कार्डावर असतो. लोक म्हणतात लकवा मारला, नाहीतर अंगावरून वारं गेलं. मला हा दुसरा शब्दप्रयोग फार बोलका वाटतो. वारं कुठून येतं? बाहेरून. ते यायचं होतं, आलं, गेलं. त्यात तुमचा दोष नाही आणि तुमच्या हातात काही नाही. वाऱ्याला कोणी गोळी घेतं का? मग मालीश करणारा शोधायचा, अमुक गावात लकव्यावर झाडपाल्याचं औषध देतात तिकडे तीन वाऱ्या करायच्या, आणि तोंड थोडं सरळ झालं, हातात जरा जोर आला की नवस फेडायचा. (तोंड-हात थोडेफार आपोआपही सुधारतात, पहिल्या काही महिन्यांत मेंदू बरंच सावरून घेतो. श्रेय मात्र झाडपाल्याला.) या सगळ्या धावपळीत डिस्चार्ज कार्डावरच्या चार गोळ्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. महिन्याची पुडी संपली, माणूस चालायला लागला, विषय संपला.

महाराष्ट्रातल्या खेड्यात लकवा किती माणसं नेतो हे नीट मोजलं गेलं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. लोकसंख्या साधारण ९४ हजार, मृत्यू १५९९. त्यातले २२९, म्हणजे सातातला एक, पक्षाघाताने. कारणांच्या यादीत पहिला नंबर. मलेरिया नाही, टीबी नाही, साप नाही, पक्षाघात! तोही गडचिरोलीत, जिथे 'श्रीमंतांचे आजार' पोचलेच नसतील अशी आपली पुण्यात बसून समजूत असते. यातले ८७ टक्के मृत्यू घरी झाले. निम्म्याच्या जवळपास माणसं पहिल्या महिन्यात गेली.

शिरूर-दौंड म्हणजे गडचिरोली नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. इकडे नगर रोड आहे, तिकडे सोलापूर रोड. रांजणगावला एमआयडीसी आहे. दौंड हे रेल्वेचं मोठं जंक्शन, आणि त्याच तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत तर औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने उभे आहेत. म्हणजे जगभर जाणारी औषधं आपल्या बांधावर बनतात आणि बांधावरचा माणूस बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडतो. वढू बुद्रुकला केईएमच्या संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे, २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घराघरांतल्या जन्ममृत्यूंची नोंद तिथे ठेवली जाते. सोयी नाहीत असं रडगाणं या भागाला शोभणार नाही. ऊस आहे, पैसा आहे, स्कॉर्पिओ आहे. आणि त्याच घरात आजीची मिश्री आहे, आजोबांची तंबाखू आहे, लोणचं-पापड आहे, आणि गेल्या पाच वर्षांत कोणी बीपी मोजलेलं नाही.

"झालंच काही तर पुण्याला नेऊ की, तास-दीड तासाचा तर रस्ता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी गणित मांडूनच दाखवतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. आता न्हावऱ्याच्या जवळच्या एखाद्या वस्तीवरचा माणूस घ्या. पहाटे उठला तेव्हा हात जड वाटला. झटका झोपेत कधी आला कोणास ठाऊक, घड्याळ तिथेच गंडलं. 'रात्री हातावर झोपलो असेन' म्हणून तास अंगावर काढला. मग गावातल्या डॉक्टरकडे, तिथे एक सलाईन. मग पोराला फोन, पोरगं नाईट शिफ्टला. मग गाडी. शिरूरला एक चक्कर, तिथून 'पुण्याला न्या'. मग नगर रोड, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, आणि मग वाघोलीचा ट्रॅफिक. वाघोलीत साडेचार तासांचं काय होतं ते इथले वाचक जाणतात :) दौंडच्या बाजूचा माणूस असेल तर चौफुल्यावरून सोलापूर रोडला लागायचं आणि हडपसरला तेच.

थोडक्यात, झटका आल्यावरची लढाई आपण बहुतेक वेळा हरलेलीच असते. जिंकता येण्यासारखी लढाई आधीची आहे, आणि तिची हत्यारं भलतीच कंटाळवाणी आहेत. बीपीची गोळी. तंबाखू बंद. शुगर ताब्यात. गुठळीमुळे झटका येऊन गेला असेल तर अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी. आणि स्टॅटिन.

बीपी मी पहिलं लिहिलं ते मुद्दाम. पक्षाघाताच्या बाबतीत बीपी हा सरपंच आहे, कोलेस्टेरॉल फार तर उपसरपंच. गडचिरोलीतच पक्षाघातातून वाचलेल्यांची तपासणी केली तेव्हा दहातल्या आठांहून जास्त जणांना हाय बीपी निघालं. तेव्हा कोणी कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन बीपीची सोडत असेल तर तो दार उघडं ठेवून खिडकीला कडी लावतोय. पण म्हणून खिडकी उघडी टाका असं होत नाही, आणि आजचा वाद खिडकीवरून चाललाय.

तर स्टॅटिन. १९७३ साली जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने सहा हजारांच्या वर बुरशींचे नमुने चाळून एका पेनिसिलियममधून पहिलं स्टॅटिन काढलं. लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम असतं, त्याला हे औषध अडवतं. मग लिव्हर आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल खेचून घेतं आणि रक्तातलं प्रमाण उतरतं. बाजारात पहिलं स्टॅटिन १९८७ साली आलं. आज आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन एकेकाळी जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक होतं आणि मूळ कंपनीने त्यावर अफाट पैसा कमावला, हे खरं आहे. फॉरवर्डवाले इथवर बरोबर असतात. पुढचं ते सांगत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेत त्याची मक्तेदारी संपली. आपल्याकडे ते कितीतरी कंपन्या बनवतात, २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि जनऔषधी केंद्रात एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. यात कसला आलाय शतकातला घोटाळा? घोटाळाच बघायचा असेल तर त्याच चहाच्या टपरीवर लटकणाऱ्या गुटख्याच्या माळा बघा, २०१२ पासून राज्यात बंदी असलेल्या.

पुरावा काय? इथे संशयवाद्यांना एक गुण द्यायला हवा. १९९५ साली ४५ अभ्यास आणि साडेचार लाख माणसांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात यांचा संबंधच दिसला नाही. हृदयविकाराशी घट्ट संबंध, पक्षाघाताशी नाही. ही गोष्ट अजूनही फॉरवर्डमध्ये फिरते. गोम अशी की पक्षाघात एक नाही, दोन आहेत. एकात गुठळीने रक्तवाहिनी तुंबते, दुसऱ्यात ती फुटून मेंदूत रक्त सांडतं. कोलेस्टेरॉल वाढलं की पहिला प्रकार वाढतो, आणि अगदी कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांत दुसरा थोडा जास्त दिसतो. दोन्हींची बेरीज केली की संबंध पुसला जातो. दोन वेगळे बग एकाच तिकिटावर टाकले की लॉगमधून काहीच कळत नाही, तसलं.

म्हणून प्रत्यक्ष औषध देऊन पाहिलं. ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल २००२ मध्ये आले. पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण ५.७ टक्क्यांवरून ४.३ वर आलं. मग २००६ साली खास पक्षाघात होऊन गेलेल्या ४७३१ लोकांवरचा 'स्पार्कल' नावाचा प्रयोग. अर्ध्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना साखरेची गोळी. साधारण पाच वर्षांत साखरवाल्यांपैकी १३.१ टक्क्यांना पुन्हा झटका आला, औषधवाल्यांपैकी ११.२ टक्क्यांना. रक्तस्रावाचे झटके मात्र औषधवाल्यांत जास्त, ५५ विरुद्ध ३३. म्हणजे ज्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो त्याच्या न्यूरोलॉजिस्टनेच मांडावा. आणि २०१९ मध्ये फ्रान्स आणि कोरियातल्या २८६० रुग्णांवर पाहिलं की एलडीएल १०० च्या आसपास ठेवण्यापेक्षा ७० च्या खाली नेलं तर झटके, हार्ट अटॅक वगैरे आणखी कमी होतात, १०.९ वरून ८.५ टक्के.

"एवढंच? १०० मागे दोन?" हो, एवढंच. मला हा प्रश्न आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. १०० माणसांनी पाच वर्षं गोळी घेतली तर दोघांचा झटका टळतो आणि ते दोघे कोण हे कधीच कळत नाही. बाकीच्या ९८ जणांना वाटतं, आपण उगाच घेतली. पण झटका म्हणजे सर्दी नव्हे. दोघांचा झटका टळला म्हणजे दोन घरांत आईला कुशीवर वळवायला माणूस ठेवावा लागला नाही, दोन सुनांची नोकरी सुटली नाही, दोन एकर विकली गेली नाही. आणि हे दोन टक्के एकटे नाहीत. बीपीच्या गोळीचे वेगळे, अ‍ॅस्पिरिनचे वेगळे, तंबाखू सोडण्याचे वेगळे. ते एकावर एक चढतात. इराणमधल्या खेड्यांत ६८३८ लोकांवर याचा प्रयोग झाला, निकाल २०१९ मध्ये आले. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीची दोन औषधं एकाच गोळीत घालून ५० ते ७५ वयाच्या लोकांना पाच वर्षं दिली. हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ८.८ टक्क्यांवरून ५.९ वर आल्या. आणि ही खेडी होती बरं का, स्टॅनफर्डचं कॅम्पस नव्हे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्र गोळ्या आपल्या अत्यावश्यक यादीत घातल्या.

आता साइड इफेक्ट. "आईचे पाय दुखतात म्हणून बंद केली." पासष्टीच्या बाईचे पाय दुखतात! जन्मभर रानात राबलेल्या बाईचे पाय गोळीशिवायही दुखतात, फक्त तेव्हा दोष द्यायला गोळी नसते. हे मी चेष्टेने म्हणत नाही, हे मोजलेलं आहे. २०२० साली लंडनमध्ये त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत साखर, चार रिकाम्या. रोज त्रासाला मार्क द्यायचे. रिकाम्या महिन्यात सरासरी ८, साखरेच्या महिन्यात १५.४, स्टॅटिनच्या महिन्यात १६.३. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला ९० टक्के गोळी 'घेण्याचा' होता, औषधाचा नव्हे. हे पाहून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. २०२२ मध्ये १९ प्रयोगांमधल्या १,२३,९४० लोकांचे आकडे एकत्र झाले. स्नायूदुखीची तक्रार स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के, साखरवाल्यांत २६.६. खरा त्रास होणारे लोक आहेत, क्वचित स्नायूंना गंभीर इजाही होते, शुगर किंचित वाढू शकते. त्यासाठी डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, डॉक्टर असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नसतो.

ग्रुपवर गोळी बंद करण्याची किंमत काय असते, याचाही हिशोब जगाने ठेवलाय. ऑस्ट्रेलियात २०१३ साली सरकारी चॅनेलवर स्टॅटिनवर टीका करणारा दोन भागांचा कार्यक्रम लागला. पुढच्या काही महिन्यांत अंदाजे ६० हजार कमी लोकांनी औषध घेतलं. २०१४ मध्ये चॅनेलने चौकशी करून कार्यक्रम साइटवरून काढला, पण सोडलेल्या गोळ्या परत कोण सुरू करणार? डेन्मार्कमध्ये पावणेसात लाख स्टॅटिनवाल्यांच्या नोंदी तपासल्या, निष्कर्ष २०१६ मध्ये आला. नकारात्मक बातम्या आल्या की लवकर गोळी सोडणारे वाढतात, आणि लवकर सोडणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि हृदयरोगाने मृत्यू जास्त. तो कार्यक्रम निदान एका जबाबदार चॅनेलने केला होता, चौकशी तरी झाली. आपल्या फॉरवर्डला बाप कोण?

दुसरा एक लाडका युक्तिवाद. "रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?" अरे लेको, सर्व्हर रूमचं टेंपरेचर नॉर्मल आहे म्हणून तुम्ही एसी काढून विकता का? रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. शिवाय झटका येऊन गेलेल्या माणसाला स्टॅटिन देतात ती रिपोर्ट सुधारायला नव्हे, पुढचा झटका टाळायला. 'स्पार्कल'मध्ये एलडीएल १०० पासूनचे लोक घेतले होते, म्हणजे आपल्या लॅबच्या कागदावर ज्यांच्या आकड्यापुढे लाल बाणही आला नसता असे.

आणि रिपोर्टचा विषय निघालाच आहे तर आपल्याच पंथाबद्दल बोलतो. आपण आईवडिलांसाठी काय करतो? वाढदिवसाला ऑनलाइन 'फुल बॉडी चेकअप' बुक करतो. ऐंशी टेस्ट, पन्नास टक्के डिस्काउंट, लॅबचा पोरगा घरी येतो, सोळा पानांची रंगीत पीडीएफ मेलवर. ती पीडीएफ आपण वरून खाली स्क्रोल करतो, व्हिटॅमिन डी कमी म्हणून एक पुडी मागवतो, आणि कर्तव्य संपलं. त्या सोळा पानांत बीपी नसतं! पट्टा दंडाला बांधून मोजायची ती एक गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची, ती पॅकेजमध्ये नाही कारण ती रक्ताच्या बाटलीतून निघत नाही.

सरकारचंही तसंच. गावात शिबिर होतं, मंडप, फीत कापणं, फोटो, वजन-शुगर-बीपी, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर 'पुढील उपचार घ्यावेत'. महात्मा फुले योजना, आयुष्मान भारत, या योजनांचा दरवाजा म्हणजे अ‍ॅडमिट होणं. झटका येऊन पडलात तर सरकार लाखांची भाषा बोलतं. झटका येऊ नये म्हणून रोजची गोळी लागते तिथे मात्र आज प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा आहे की नाही ते नशीब, नाहीतर मेडिकलवाला आणि आपला खिसा. हे करता येत नाही असं नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि राज्यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. ठरलेली औषधं, एकदम महिन्याभराच्या गोळ्या, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि आला नाही तर फोन. यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही. आपण याला बॅकलॉग मेंटेन करणं म्हणतो.

"यावर एक भारी अ‍ॅप बनवू या!" हे मला माहितीच होतं. बनवून झालंय. पक्षाघात होऊन गेलेल्या ४२९८ भारतीयांवर ३१ केंद्रांत 'स्प्रिंट इंडिया' नावाचा प्रयोग झाला. एसएमएस, व्हिडिओ, सचित्र पुस्तिका, आणि सगळं पेशंटच्या भाषेत. निकाल २०२३ मध्ये आले. लोकांनी गोळ्या जरा नियमित घेतल्या, सवयीही थोड्या सुधारल्या, पण वर्षभरात पुन्हा झटका वगैरे येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ५.५ टक्के विरुद्ध ४.९, तेही संदेश मिळालेल्यांचेच जास्त. अर्थात दुसऱ्या गटातले लोकही डॉक्टरांच्या नजरेखाली होते आणि बहुतेक गोळ्या घेतच होते. ज्याचा फॉलोअप चालू आहे त्याला आणखी एसएमएस देऊन काय होणार? प्रश्न त्याचा नाहीच. प्रश्न त्याचा आहे जो डिस्चार्ज घेऊन गावाला गेला आणि नंतर कुणाच्याच यादीत राहिला नाही.

तेव्हा या शनिवारी गावी जाणार असाल तर लॅपटॉप इथेच ठेवा. घरी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक प्लास्टिकची पिशवी असते, खुंटीला नाहीतर देवळीत. ती उपडी करा. स्ट्रिपवरची तारीख आणि किती गोळ्या फुटल्यात ते बघा, तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या स्ट्रिपमध्ये अकरा शिल्लक असतील तर उत्तर मिळालं. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढा. कार्डावरच्या आणि पिशवीतल्या गोळ्या जुळतात का बघा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिपा निघतील आणि दोन्ही रोज घेतल्या जात असतील, असंही होतं. बंद झालेली गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कार्ड घेऊन डॉक्टरकडे जा आणि थेट विचारा, ही का दिली होती आणि कधीपर्यंत घ्यायची. दंडाला बांधायचं बीपीचं मशीन विकत घ्या, चेकअपच्या पॅकेजच्या आसपासच्या किमतीत येतं. आजी मशीनला घाबरतील, पहिलं रीडिंग वीसने जास्त येईल, चहा होऊ द्या आणि परत घ्या.

आणि गावातल्या आशाताईंचा नंबर घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्म त्यांनाच भरायचा असतो. तुमच्या घरचा भरलाय का, हे त्यांना आत्ता विचारता येईल.

चौथ्या ग्रुपवरच्या त्या मित्राला मी टाळ्या न वाजवता फोन केला. त्याचं म्हणणं, "डॉक्टर काही बोलले नाहीत." डॉक्टरांना विचारलं का, तर नाही, सहा महिन्यांपासून तिकडे गेलेलेच नाहीत. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय म्हणतो.

ता. क. कमेंटमध्ये तुपाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी लिहावं, मी तुपाच्या विरोधात नाही. पुरणपोळीवर तूप नसेल तर मी जेवत नाही.